विष प्यालेली माती

काळाचौकीच्या त्या चाळीत नळ यायचा सकाळी तासभर, तोही करंगळीएवढा. बाकी सगळं विहिरीवर. शेजारच्या काचेच्या बांगड्यांच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं पिवळ्या रंगाचं धुवण जमिनीत सोडलं आणि मालक टाळं ठोकून चालता झाला. मेल्याला विचारतंय कोण! गिरणीतल्या धोंडूची बायको मालन अंगानं सुजायला लागली, तेव्हा कुठं ठाकूरद्वारचे श्यामकांत पाणी तपासायला घेऊन गेले. ते प्रयोगशाळेत नोकरीला होते.

"काचेला पिवळा रंग द्यायला युरेनियम वापरतात, ते पाण्यात उतरलंय, मूत्रपिंडं खातं ते," ते म्हणाले. "तुरटी टाकून विष गाळात बसवू. मग गाळ उपसा आणि लांब नेऊन पुरा."

धोंडूनं जिवाचं रान केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातली पोरं गोळा केली, घोषणा देत देत विहीर उपसली. पाणी चांगलं निघालं. हळूहळू मालनची सूज उतरली आणि धोंडूला गणपतीला केलेला नवस आठवला.

तिथंच माती खाल्ली त्यानं. गाळ पुरलाच नव्हता, मागच्या अंगणात ढीग घातला होता.

"शंकरानं हलाहल पचवलं, तसं ह्या मातीनं माझ्या मालनचं विष गिळलं," तो म्हणाला. "ह्या वर्षी हिचाच देव!"

अख्ख्या चाळीनं माना डोलावल्या. घरोघर त्याच मातीचे गणपती बसले, आणि कोकणातल्या रिवाजानं विहिरीतच बोळवले गेले. पुढच्या वर्षी लवकर या!

दसरा झाल्यावर श्यामकांत पुन्हा पाणी तपासून आले, ते चेहरा पाडूनच. पाणी पुन्हा होतं तस्संच विषारी झालं होतं. धोंडूनं गणपतींचं सांगितलं, तसे ते म्हणाले,

"अहो, मातीनं विष पचवलं नव्हतं, नुसतं धरून ठेवलं होतं!"

"मग तेव्हाच नाय सांगायचं तसं?" धोंडू ओरडला.

आतून मालननं हाक मारली, "अवो, वाईच पाणी द्या." तिचे डोळे पुन्हा सुजले होते.

हंड्यात विहिरीचं पाणी होतं. नळ आता उद्या सकाळी. धोंडू तांब्या घेऊन चाळभर फिरला. एकाही घरानं नाही म्हटलं नाही, आणि एकाही घरात नळाचं पाणी उरलं नव्हतं.

तो रिकामा तांब्या घेऊन परत आला.

"येवढा वेळ?" मालन म्हणाली. "विहीर तर दारात हाय."