आवृत्ती संपली

इंटिरिअरवालीने पुस्तकाच्या पाठीवर टेप धरली, बघितलं आणि टेप सोडून दिली. ती सर्रकन डबीत गेली.

"याला पाठच नाही हो, मॅडम."

"लहान मुलांचं आहे. चोवीस पानं, मधे दोन पिना. पाठ कुठून येणार?" प्रकाशक बाई म्हणाल्या.

"सँपल फ्लॅटमधली मुलांची खोली आहे. शेल्फवर काहीतरी दिसायला तर हवं ना. आठ-आठ एकत्र चिकटवून वर रंगीत पाठ लावून द्या. आणि पानंही चिकटवा. बघायला आलेली पोरं ओढून काढतात आणि पसारा करतात."

"किती प्रती हव्यात?"

"असतील तेवढ्या. आमच्या सगळ्या साइट्सना लागतील."

बाईंनी भिंतीशी रचलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. उंटाच्या गोष्टीच्या या पुस्तकाची जवळजवळ सगळी आवृत्ती तिथेच होती. शाळांनी खरेदी थांबवली होती आणि दुकानदार पार्सलं न उघडताच परत पाठवत. नव्या पुस्तकाची चित्रं तयार होऊन कपाटात पडली होती. चित्रकार मुलगी अजून फोन करायची, पण चित्रांचं विचारत नसे. नुसतं 'कशा आहात' म्हणायची. हा माल गेला तर नव्या पुस्तकाचा कागद घेता येणार होता.

"देते," बाई म्हणाल्या.

बाइंडरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे उघडू नये म्हणून चिकटवायचं?"

"हो."

"वस्तादाचा मार खाल्ला तो पुस्तक नीट उघडावं म्हणून. म्हातारपणी ही उलटी विद्या." ते हसले, पण बाईंकडे न बघता. "ठीक आहे, ताई. खळ माझी, पाप तुमचं."

माल पोचला, पैसेही आले. मग इंटिरिअरवालीचा फोन आला. आठ-आठच्या गठ्ठ्यांपैकी एक उघडला होता, तो नीट करायला माणूस हवा होता.

"चिकटवा म्हणालात, चिकटवलं," काका म्हणाले. "बघायला मी येणार नाही."

बाई खळीची बाटली आणि ब्रश घेऊन स्वतःच गेल्या.

मुलांच्या खोलीतल्या पलंगावर एक मुलगी गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. त्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक मोकळं होतं. खळ ओली असतानाच पानं सुटी करून बघायची, ही काकांची जुनी सवय. या वेळीही हात आपोआप चालला असावा, आणि पुस्तक तसंच उघडं वाळलं असावं.

"चल गं, ठेव ते," दारातून तिची आई म्हणाली. "इथलं सगळं खोटं आहे. टीव्हीसुद्धा पुठ्ठ्याचा आहे."

"हे खरंय. आत उंट आहे."

आई वाकली. उभ्याउभ्याच तिने दोन पानं वाचली आणि तिला हसू आलं.

"छान आहे की. कुठे मिळतं हे?"

"याच छापतात," इंटिरिअरवालीने बाईंकडे बोट केलं.

"आवृत्ती संपली," बाई म्हणाल्या.

"अय्या, इतकं खपलं?"

"एकही प्रत उरली नाही."

"मग परत छापा ना! अशी पुस्तकं हवीत हो. मिळतच नाहीत कुठे," आई म्हणाली आणि स्वयंपाकघराचा ओटा बघायला गेली.

मुलीने शेवटचं पान उलटलं आणि खालच्या पुस्तकाच्या कडेत नख घातलं.

"नखाने नको, फाटेल," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग हे कसं उघडायचं?"

"ते उघडत नाही."

"का?"

"मॅडम, जरा आटपा," इंटिरिअरवाली म्हणाली. "पुढची पार्टी लिफ्टमध्ये आहे."

बाईंनी हात पुढे केला. मुलीने गठ्ठा दिला. बाईंनी ब्रश बाटलीच्या काठावर निथळला आणि मागच्या पानापासून सुरुवात केली.

मुलगी गेली नाही. ती शेजारी उभी राहून, बाई काय करताहेत ते बघत होती.