उंच माणसांच्या घरातला चौकोन

मित्रांनो, माझा एक कोपरा वाकला आहे आणि अंगावर गंजाचे दोन डाग आहेत, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज करावा. मी पत्र्याचा चौकोन आहे. चार इंच लांब, चार इंच रुंद. माझा जन्म बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून झाला. पत्रेवाल्याने मला कापले, कडा घासल्या आणि "केसाचाही फरक निघाला तर परत आणा," असे बजावून एका नव्या नवरीच्या हाती दिले. फरक निघाला नाही. म्हणूनच पुढचा घोटाळा लक्षात यायला तीस वर्षे लागली.

माझे काम सोपे होते. त्या नवरीने, म्हणजे आमच्या बाईंनी, मला चिंधीवर ठेवायचे, माझ्याभोवती खडूने रेघ ओढायची, रेघेवर कात्री चालवायची आणि निघालेले चौकोन जोडून गोधडी शिवायची. आकार इतका लहान, कारण त्यात बोटभर चिंधीही वाया जात नाही. हिशेब पक्का होता. लांबीला अठरा चौकोन, अठरा चोक बहात्तर, म्हणजे गोधडी सहा फूट. टाके तर असे, की शेजारच्या बायका मुद्दाम उलटी बाजू बघून जात आणि हिरमुसून परतत.

पण त्या गोधडीत जो झोपे त्याचे पाय बाहेर येत. गळ्यापर्यंत ओढली की बोटे उघडी, डोक्यावरून ओढली की घोटे. गोधडी सहा फूट होती, यात शंकाच नव्हती. तेव्हा खोट माणसांत असणार. बाईंनी निकाल दिला की आपल्या घरातली माणसे उंच आहेत. हा निकाल सर्वांना फार आवडला. बाईंचे यजमान टपाल वाटत असत. ते दारातून जाताना मान वाकवू लागले. चौकट त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर होती. त्यांचे बघून दोन्ही मुलगेही वाकायला शिकले.

मग धाकट्याची बायको आली. ती तंबू शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती, त्यामुळे कापड कुठे पळते हे तिला ठाऊक होते. त्याच वर्षी सासरे मोठ्या दुखण्यातून उठले. पाय गार पडू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी मला बोलावून उपयोग नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मोजे सासऱ्यांना सोसत नसत. पायांवर टाकलेली शाल सकाळी जमिनीवर सापडे. बाईंनी नवी गोधडी शिवायला घेतली. लांबीला चौकोन अठरा.

सासरे दुपारी झोपले असताना सुनेने त्यांना टेप लावली. पाच फूट पाच इंच. तिने तीनदा मोजले, कारण घराची इभ्रत एका टेपवर मोडायची नव्हती. मग ती जुन्या गोधडीला लावली. पाच फूट एक.

"आई," ती बाईंजवळ बसून म्हणाली, "हा चौकोन चारचा खरा, पण शिवल्यावर साडेतीनचा उरतो."

"का? पत्रा काय वाळतो?"

"पत्रा नाही वाळत. चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातं. तुम्हीच ठेवून बघा."

बाईंनी मला शिवलेल्या एका चौकोनावर ठेवले. मी चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या हद्दीत गेलो. अठरा अर्धे नऊ, बाईंनी बोटांवर मोजले. वरून टाके घातले की गोधडी आक्रसते, ते वेगळेच. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"ह्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "टपाल सुटल्यापासून उंचीशिवाय त्यांच्याकडे काही उरलेलं नाही."

दोघींनी नवा आकार ठरवला. फार लहान घ्यावा तर शिवणी वाढतात आणि प्रत्येक शिवण कापड खाते. फार मोठा घ्यावा तर जुन्या कपड्यातला विरलेला भाग चुकवता येत नाही. शेवटी कापायला साडेआठ, म्हणजे शिवून आठ. लांबीला नऊ, आणि आक्रसण्याच्या नावाने एक ओळ वर. बुटांच्या खोक्यातून पुठ्ठ्याचा चौकोन कापला गेला आणि मी बटणांच्या डब्यात गेलो. झाकण तेवढे उघडे होते.

गोधडी झाली. पहिल्याच सकाळी सासरे जागे झाले आणि पायथ्याकडे बघतच राहिले. पाय दिसत नव्हते.

"अगं," त्यांनी हळूच विचारले, "दुखण्यात मी आखूड झालो का?"

सून जमिनीकडे बघू लागली. बाईंनी आता गप्प राहावे, तर आपण दुखण्याने खुरटलो असे नवरा समजणार. बोलावे, तर तीस वर्षांचे नाव जाणार.

"तुम्ही होता तेवढेच आहात," बाई म्हणाल्या. "आखूड माझ्या गोधड्या होत्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. पाय आतच राहिले.

"तरीच," ते म्हणाले, "चौकट कधी डोक्याला लागली नाही."

मग ते चहासाठी उठले आणि दारातून जाताना नेहमीसारखे वाकले. त्यांच्यामागून बाईही किंचित वाकल्या.

सुनेने नंतर माझ्यावर खिळ्याने 'शिवून साडेतीन' असे कोरले. आता उशांच्या खोळी शिवताना मला बाहेर काढतात. मित्रांनो, मापाच्या वस्तूला ओल लागू देऊ नका. गंज आधी कोपरे खातो आणि मग माप खोटे बोलू लागते. आणि तिच्यावर भरवसा ठेवण्याआधी, शिवणीत किती जाणार तेवढे विचारून घ्या. आम्ही आपणहून सांगत नाही. मी तीस वर्षे सांगितले नाही.