पंपाचं बटण

जावयाने वीजपेटीच्या झाकणाचा शेवटचा स्क्रू काढला आणि झाकण खाली भिंतीला टेकवून ठेवलं. आतून जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"त्याला सांग, पंपाचा ब्रेकर बदलायचा आणि बटण मागच्या दारी द्यायचं, बस," मागे खुर्ची टाकून बसलेले सासरे म्हणाले. "बाकी कशाला हात लावायचं कारण नाही."

सांगायचं होतं ते सासूबाईंनी. त्या काठी टेकून कोठीच्या दारात उभ्या होत्या. सासरे जावयाशी थेट बोलत नसत. चार वर्षांपूर्वी मुलीने लग्नाचं सांगितलं तेव्हा "वायरमन?" एवढंच म्हणून ते ताटावरून उठले होते. स्वतः वीज कंपनीत पस्तीस वर्षं अभियंता. लग्नाला ते गेले नाहीत, आणि जावयानेही त्यानंतर या घराची पायरी चढली नाही. आज आला तो बायकोने हट्ट धरला म्हणून.

"ऐकलं मी," जावई म्हणाला. "बहिरा नाहीये."

सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलल्यावर डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलं होतं. त्यासाठी परसात खोलीएवढा, छातीइतक्या पाण्याचा तलाव बांधून घेतला. पाणी खेळतं ठेवायला पंप बसवला, पण त्याला वेगळं बटण काही दिलं नाही. सासूबाई रोज कोठीत येऊन ब्रेकरच खालीवर करत. वर्षभरात त्याचा खटका पडायला आलेल्या दातासारखा हलू लागला होता. तो बदलायचा आणि पंपाचं बटण मागच्या दाराजवळ बसवायचं, एवढंच काम सासऱ्यांच्या हिशेबी होतं. बायकोने मात्र निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. तलावाच्या शिडीला हात लावला की आईला झिणझिण्या येतात. बाबा म्हणतात, नसांचं दुखणं आहे.

जावयाने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि झिजलेला ब्रेकर उपसून काढला. मग बॅटरीचा झोत शेजारच्या ब्रेकरवर धरला. शॉक बसण्याआधी वीज तोडायची, हे त्या ब्रेकरचं काम. त्याच्या वरच्या टोकांपासून खालच्या टोकांपर्यंत दोन तारा जोडल्या होत्या. वीज त्याला वळसा घालून चालली होती. तो असून नसल्यासारखा. तारा सुबक वाकवलेल्या होत्या, स्क्रू घट्ट पिळलेले. कोणा धांदरटाचं काम नव्हतं ते.

"हे कोणी केलं?"

"त्याला सांग, आपलं काम..."

"मी तुम्हाला विचारतोय."

सासरे उठले. आता त्यांना मध्यस्थ लागला नाही.

"मी केलं. दर पाच मिनिटांनी उडायचा तो. हिचा व्यायाम बुडायचा. तू मला शिकवणार? तुझ्यासारखे छप्पन्न वायरमन माझ्या हाताखालून गेलेत."

"पंपातून वीज गळतेय म्हणून उडायचा. ती पाण्यात उतरतेय." जावयाचा आवाज चढला. "एखाद्या अडाण्याने केलं असतं तर समजू शकलो असतो. तुम्हाला सगळं कळत होतं. एक दिवस मारलं असतंत त्यांना."

"तोंड सांभाळ!"

"तुम्ही आधी घर सांभाळा."

"म्हणजे झिणझिण्या खरंच येत होत्या," सासूबाई म्हणाल्या.

दोघांनीही वळून पाहिलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"पंधरा दिवसांत तीनदा सांगितलं मी तुम्हाला. तीनदा तुम्ही म्हणालात, वय झालं. आणि तीनदा मी पुन्हा उतरले."

सासूबाई आत वळल्या. काठीचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

जावयाने त्या तारा कापून काढल्या. पंपाचं झाकण उघडलं तर आत ओल धरली होती, एका तारेवरचं वेष्टण फुटलं होतं आणि अर्थिंगचा स्क्रू गंजून मोडला होता. त्याने तार बदलली, अर्थिंग नव्याने जोडलं, शिडीलाही जोडून घेतलं. नवा ब्रेकर बसवला. मागच्या दाराजवळ, तलावातून ओला हात पोचणार नाही अशा अंतरावर, वर झडप असलेल्या डबीत पंपाचं बटण बसवलं. सासरे सगळा वेळ उभेच होते.

"उजेडातून बाजूला व्हा," जावई एकदा म्हणाला, आणि ते बाजूला झाले.

दुपार कलली तेव्हा त्याने पंप चालू करून पाहिला. शिडीपाशी, पाण्यापाशी मीटर लावला, पुन्हा बंद केला आणि सासूबाईंना हाक मारली.

"झालं. आता काही भीती नाही."

सासूबाई मागच्या दारात आल्या. त्यांनी बटणाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"मी नाही उतरायची," त्या म्हणाल्या. "आज नाही आणि उद्याही नाही. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा."

त्या कोणाला म्हणाल्या ते तिघांनाही कळलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून कट्ट्यावर ठेवला. मग घड्याळ. चपला बाजूला सारल्या आणि शर्ट-पँटसकट शिडीवरून पाण्यात उतरले. पाणी छातीला लागलं तशी त्यांना धाप लागली. दोन्ही हातांनी त्यांनी शिडीचा लोखंडी दांडा धरला.

"चालू कर."

"बाहेर या. मीटरवर तपासलंय मी."

"चालू कर म्हणतो ना."

जावयाने डबीची झडप उचलली. बोट बटणावर ठेवलं आणि काढलं. तो पंपाकडे गेला, मघाशीच बसवलेलं झाकण पुन्हा उघडलं आणि अर्थिंगचा स्क्रू पिळून पाहिला. तो तसूभरही फिरला नाही. झाकण लावून, तळहात पँटला पुसत तो परत आला तरी बोट पुढे होईना.

सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली. एका हाताने चौकट धरून पुढे झाल्या आणि त्यांनीच बटण दाबलं.

पंप घुरघुरला. पाणी हललं. सासरे दांडा धरून उभे होते, डोळे मिटलेले.

"काही लागतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"दांडा नीट धरा."

"धरलाय."

सासूबाईंनी चौकट सोडली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तलावाच्या काठाशी बसल्या.

"मी रोज वीस मिनिटं चालते," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी डोळे उघडले. समोरच्या भिंतीकडे पाहिलं, दांडा सोडला आणि हात पसरून, तोल सावरत चालायला लागले.