त्याच्या वाट्याचे ग्लास

वायनरी बघायला जायचं हे नणंदेनं ठरवलं. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तर घरात केक कापत बसण्यापेक्षा गावाबाहेर द्राक्षांच्या मळ्यात जाऊ, असं तिच्या डोक्यात आलं. आणि नणंदेच्या डोक्यात एकदा काही आलं की नाही म्हणायची कोणाची टाप होती? सून 'छान' म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच छान म्हणायची.

खरं काय ते सुनेला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाच ठाऊक. तो सात वर्षं प्यायला. चोरून, कपाटामागे, गाडीच्या डिकीत बाटल्या दडवून प्यायला. अकरा महिन्यांपूर्वी त्यानं सोडली. घरच्यांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. पित्त, सर्दी, कामाचा ताण, अशा थापा मारून मारून तिनं वेळ निभावली होती. इतकी, की आता तिला ना भीती वाटायची ना आनंद. आत सगळं सुन्न. फक्त डोळे जागे असायचे, आणि ते नवऱ्याच्या हातांवर.

वायनरीतल्या बाईनं आधी वेलींच्या रांगा दाखवल्या, मग स्टीलच्या टाक्या, मग तळघरातली लाकडी पिंपं. सासरे पिंपावर टिचक्या मारून, जणू जन्मभर तोच धंदा केल्यासारखी मान डोलवत होते. सासूबाईंना थंडी वाजली. सुनेला कोणी विचारलं असतं की बाई गं, काय काय पाहिलंस, तर तिला धड सांगता आलं नसतं. नवऱ्याचे हात खिशात होते, एवढं तिनं पाहिलं होतं.

मग वर चव घ्यायच्या खोलीत लांब टेबलाशी पाचही जण बसले. वाइनचे सहा प्रकार, प्रत्येकाचे दोन-तीन घोट. बाई म्हणाली, आधी ग्लास उजेडात धरा, रंग बघा. सगळ्यांनी माना खिडकीकडे वळवल्या, तेवढ्यात सुनेनं आपला ग्लास घशात ओतला, रिकामा नवऱ्यापुढे सरकवला, त्याचा उचलला आणि तोही रिचवला. आयुष्यात कधी थेंब न घेतलेली बाई ती! घरच्यांसमोर तिला नाही म्हणायची सोय नव्हती आणि त्याच्यापुढे भरलेला ग्लास राहू द्यायचा नव्हता. दुसऱ्या वाइनला तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यालाही तेच. बाई विचारत होती, कसला वास येतोय? सुनेला कसलाच येत नव्हता.

नणंदेच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. "वहिनी, तू तर छुपी रुस्तम निघालीस," ती म्हणाली, आणि सासरेसुद्धा हसले.

शेवटची गोड वाइन आणायला बाई आत गेली, तसा नवरा सुनेला दंडाला धरून बाहेर बाकावर घेऊन आला. वाइन चढून तिचा तोल जात होता.

"मी आज सांगणार होतो," तो म्हणाला. "आईबाबांना. ग्लास समोर आला की बाजूला सारायचा आणि सांगून टाकायचं, असं ठरवून आलो होतो. पाच वेळा तोंड उघडलं. पाचही वेळा बघतो तर ग्लास रिकामा. रिकामा ग्लास पुढ्यात ठेवून, मी पीत नाही, हे कोणाला सांगू?"

"मला आधी का नाही बोललास?"

"तुझा विश्वास बसला असता?"

तिनं खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली.

तो उठला. "अजून एक बाकी आहे," तो म्हणाला. "तू इथेच बस."

तो आत गेला. अकरा महिन्यांत तिनं त्याला भरलेल्या ग्लासापाशी एकटं सोडलं नव्हतं. उठून धावत जाऊ नये म्हणून ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. उघड्या खिडकीतून बाईचं बोलणं ऐकू आलं, मग नणंदेचं हसणं, मग नवऱ्याचा आवाज, अगदी हळू. शब्द कळत नव्हते. नणंदेचं हसणं मधेच थांबलं. सासऱ्यांनी काहीतरी विचारलं आणि नंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. काही वाटत नव्हतं. हातांना मुंग्या आल्या होत्या.

सासूबाई बाहेर आल्या त्या सावकाश, ग्लास हिंदकळू न देता. तो काठोकाठ नव्हता, पण आधीचे पाच होते तेवढाच भरलेला होता.

"हा त्याचा," त्या म्हणाल्या. त्यांनी ग्लास पायाजवळच्या मातीत ओतला आणि तिच्या शेजारी बसल्या.

"सात वर्षं?" त्यांनी विचारलं.

तिनं होकारार्थी मान डोलावली.

"आणि इतकी वर्षं तू एकटीच हे सगळं बघत होतीस?"

थाप मारायची तिला सवय होती. तिनं एखादी शोधून पाहिली, पण एकही सापडेना.

"हो, आई," ती म्हणाली, आणि मग तिला असं रडू फुटलं की आतून नणंद धावत बाहेर आली.