आम्लात पाणी ओतू नये

नववीच्या सहामाहीत दीपमालाला शास्त्रात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. बिबवेवाडीतल्या त्यांच्या चाळीत ही बातमी कुणाला कळायची राहिली असेल, तर तो माणूस गावाला गेलेला असणार. तिची आई वेणूबाई एका कॉम्प्युटर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. तिथल्या साहेबलोकांनाही तिने पोळीबरोबर लेकीचे मार्क वाढले होते.

दिवाळी तोंडावर आली होती. भिंतींसाठी बादलीत चुना भिजत पडला होता आणि वेणूबाई मोरी घासायला बसली होती. फेरीवाल्याकडून सुटं घेतलेलं ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत होतं. चाळीत सगळ्यांकडे तसंच असतं. झाकण अडकलं, तिने जोर लावला आणि सगळं उजव्या हातावर सांडलं.

"आई गं!" करत ती नळाकडे धावली.

"पाणी नको!" दीपमालाने तिला मागे ओढलं. 'आम्लात पाणी ओतू नये' हे वाक्य तिने पेपरात अधोरेखित केलं होतं. आम्लाला आम्लारी मिळाली की उरतात नुसते क्षार आणि पाणी, हेही लिहिलं होतं. चुना म्हणजे आम्लारी, आणि चुन्याची बादली समोरच होती. पोरीला नको ती बुद्धी सुचली. तिने आईचा हात मनगटापर्यंत चुन्यात दाबून धरला. वेणूबाई कळवळत होती, पण हात काढून घेत नव्हती. लेक शास्त्रात पहिली होती ना.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर हात बघूनच भडकला. "मावशी, हा चुना कोणी लावला? नळाखाली धरायचा होता, भरपूर पाण्यात! चुन्याने आणखी भाजलंय. आता ही बोटं पहिल्यासारखी वळतील की नाही, मी सांगू शकत नाही."

दीपमाला तोंड उघडणार, तोच वेणूबाई म्हणाली, "मीच लावला, डॉक्टरसाहेब. पोरगी बिचारी पाणी घाल, पाणी घाल म्हणून ओरडत होती. मी अडाणी, मी ऐकलं नाही."

"मग मुलीला शाळेत घालता कशाला?" डॉक्टर म्हणाला आणि त्याने दीपमालाची पाठ थोपटली. "शाब्बास. तुझं बरोबर होतं."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. तिने आईकडे पाहिलं. वेणूबाईने डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि बोलू नकोस म्हणून ती मान हलवत होती.

दीपमाला बोलली नाही.