दोष यंत्रातच होता

मी राउटर बोलतोय. तुम्ही मला बघितलेलं असणार, पण नीट नाही. माणसं माझ्याकडे बघतात ती दिवा लाल झाल्यावर. हिरवा असताना मी म्हणजे भिंतीला टेकलेलं काहीतरी.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवर गुप्त क्रमांकाची पट्टी चिकटवली. गुप्त म्हणजे, ज्याचा फोटो काढून तुम्ही आल्यागेल्याला पाठवता तो. मला दोन शिंगं बसवली, तासभर चालवून पाहिलं आणि 'पास' असा शिक्का मारला. आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच प्रशस्तिपत्र.

मग कंपनीच्या माणसाने मला एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आणून चपलांच्या कपाटावर बसवलं. बाहेरच्या खांबावरून एक बारीक पांढरी वायर खिडकीतून आत येते आणि भिंतीच्या कडेकडेने माझ्यापर्यंत पोचते. तिच्या पोटात केसाएवढी काच असते, त्या काचेतून उजेड धावतो. उजेड आला की माझा दिवा हिरवा, अडला की लाल. माझं सगळं शास्त्र एवढंच.

घरात माणसं तीन. बाबा बत्तीस वर्षं बसडेपोत कंट्रोलर होते, वर्षापूर्वी निवृत्त झाले. आई घर सांभाळतात आणि बाबांनाही. सूनबाई सातव्या महिन्यात होती. तिचा नवरा जहाजावर कामाला, त्यामुळे तो घरात फोनच्या पडद्यापुरताच. ती घरूनच नोकरी करायची, एका वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारी ऐकायची. सकाळी दहापासून तिच्या खोलीतून एकच वाक्य ऐकू यायचं, "सर, मशीन एकदा बंद करून चालू करून बघता का?"

पहिले आठ महिने माझं कुणी नावही घेतलं नाही. सुखाचे दिवस होते. मग उन्हाळ्यात एकाएकी मी जायला लागलो. जायला लागलो म्हणजे होतो तिथेच, दिवा लाल. दिवसातून दोनदा, चारदा, कधी सहा वेळा.

पहिल्यांदा नेट गेलं तेव्हा खोलीतून "हॅलो? हॅलो, मॅडम?" ऐकू आलं आणि बाबा वर्तमानपत्र टाकून खुर्चीतून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि डेपोतल्या आवाजात म्हणाले, "नेट बंद पडलेलं आहे. कुणीही कशालाही हात लावू नये." मग माझं बटण बंद केलं, मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजले आणि चालू केलं. दोन मिनिटांत दिवा हिरवा झाला.

"आलं," सूनबाई आतून म्हणाली.

"येणारच," बाबा म्हणाले. "हात लावावा लागतो."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. निवृत्तीनंतर वर्षभर ते घरातल्या घरात वाट चुकल्यासारखे फिरत होते. आईंनी भाजी चिरायला दिली तर विळीला धार नाही यावरच व्याख्यान द्यायचे. आता त्यांना काम मिळालं होतं, आणि ते काम रोज बिघडत होतं. नेट गेलं की ते उठायचे, मोजायचे, नेट यायचं. घरात दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. आई एकदा मदतीला धावल्या तर त्यांना अडवून म्हणाले, "तुझं मोजणं घाईचं असतं."

उपाय काय काय झाले म्हणता? मला गरम होतं म्हणून समोर टेबलफॅन आला. वाऱ्याने कपाटातल्या चपलांची धूळ माझ्यात शिरली, म्हणून रंगाच्या ब्रशने मला झाडलं. पाठीमागे स्टीलचं ताट उभं केलं, कारण शेजारच्या दाढीवाल्याने सांगितलं की त्याने लहरी परततात. माझी शिंगं सूनबाईच्या दाराकडे वळवली, तरी नेट गेलं. मग खिडकीकडे वळवली. नेट गेलंच.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळेला मी हिरवागार. त्याने छोटं यंत्र लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, लाइन एकदम चोख आहे."

"तुम्ही आलात की चोख असते. थांबा जरा."

तो तासभर थांबला. चहा प्यायला. आई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी बसा की. पाय दुखतील."

"समोर माणूस कामाला असताना मी बसलोय का कधी?" बाबा म्हणाले आणि पाठीमागे हात बांधून तासभर उभे राहिले. माझा दिवा एकदाही लाल झाला नाही. तो माणूस गेला. बाबा दमून खुर्चीत रेलले आणि आतून आवाज आला, "हॅलो? हॅलो, सर?"

आता हे सगळं मजेत सांगतोय, पण सूनबाईची मजा नव्हती. एका गुरुवारी सकाळी तिच्या वरच्या मॅडमचा फोन आला. त्या आठवड्यात अकरा कॉल मधेच तुटले होते. एक बाई, घरात गुडघाभर फेस झालाय असं सांगत असतानाच तुटली होती. मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून ऑफिसला ये. ऑफिस म्हणजे दोन बस बदलून दीड तास, येताना पुन्हा तेवढाच. डॉक्टरांनी तिला जिनासुद्धा जपून उतरायला सांगितलं होतं.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, नोकरी सोडावी लागेल बहुतेक," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कानाला हेडफोन लावून आत गेली.

बाबांनी ते ऐकलं. कागद घेतला आणि कंपनीला चार पानी तक्रार लिहिली. मूळ दोष यंत्रात आहे, यंत्र तातडीने बदलून द्यावं. पोस्टात रजिस्टर करायला ते स्वतः गेले. रांगेत त्यांची दुपार गेली. ती अख्खी दुपार मी हिरवा होतो.

ते परतले तेव्हा आई जमिनीवर बसून मटार सोलत होत्या. बाबा खुर्चीत बसले, चपलेचा बंद सोडला आणि मागे रेलले.

ही खुर्ची डेपोतल्या लोकांनी निरोपाच्या वेळी दिलेली. सागवानी, जड, पण एक पाय कमी भरलेला, त्यामुळे डुगडुगणारी. रिकामी असली किंवा माणूस पुढे वाकून बसला की मागचा डावा पाय अधांतरी. मागे रेलला की तो पाय खाली टेकणार. उन्हाळ्यात वायर भिंतीला धरणारा एक चाप निसटला होता आणि माझी वायर त्या पायाखाली घरंगळली होती. केसाएवढ्या काचेवर सागवानी पाय आणि त्यावर बाबा.

हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण माझ्याजवळ बोलायला एक लाल दिवा, आणि लाल दिव्याचा अर्थ घरात एकच माणूस लावणार.

आई जमिनीवर होत्या म्हणून त्यांची नजर बरोबर त्या पायाच्या उंचीला आली. पाय टेकला. दिवा लाल झाला. आतून "हॅलो? हॅलो?" बाबा उठले, तीसपर्यंत मोजलं, दिवा हिरवा झाला. आईंचा हात मटारात तसाच राहिला.

"अहो, दमून आलात," त्या म्हणाल्या. "जरा टेका की."

बाबा टेकले. लाल.

"अहो, तो वरचा डबा काढून देता का?"

बाबा उठले. हिरवा.

"हा नाही, पलीकडचा. असू दे, बसा आता."

लाल. बाबा वैतागून पुन्हा उठले आणि माझ्यापुढे येऊन मोजायला लागले. आईंनी तोंड उघडलं. आता सांगणार, मला वाटलं. माझी अब्रू वाचणार. तेवढ्यात सूनबाई डोळे पुसत बाहेर आली. बाबा मोजणं थांबवून तिला म्हणाले, "तू ऑफिसला जायचं नाहीस. मी आहे ना. मी यामागे लागलोय."

त्यांचा आवाज डेपोतला नव्हता. आईंनी तोंड मिटलं आणि मटार सोलायला घेतले.

संध्याकाळी बाबा फिरायला गेल्यावर आईंनी पदर खोचला आणि खुर्ची वीतभर पुढे ओढली. वायर उचलून खिळ्याला दोऱ्याने बांधली. त्यानंतर रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी एक क्षणही गेलो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. न बिघडणं कुणाच्या लक्षात येत नसतं.

दुपारी कंपनीचा माणूस नवा राउटर घेऊन हजर झाला. बाबांचं पत्र अजून पोस्टाच्या थैलीतच असणार. सूनबाईने सकाळी फोन केला होता. पण बाबा म्हणाले, "रजिस्टर पत्राची दहशत असते." मला उचकटलं, नवा लावला. शुक्रवार गेला, शनिवार गेला, दिवा हिरवा. सूनबाईने मॅडमना कळवलं, मॅडमनी घरून काम चालू ठेवायला परवानगी दिली. बाबा खुर्चीत अगदी मनसोक्त रेलून म्हणाले, "बघितलंत? मूळ दोष यंत्रातच होता."

आता बाबा या इमारतीतले तज्ज्ञ आहेत. कुणाचंही नेट गेलं की बोलावणं येतं. पाठीमागे हात बांधून जातात आणि यंत्र बदलायला सांगून येतात. माझ्यासारखे तीन निर्दोष आतापर्यंत असे काढले गेले. त्यांच्यासाठी एवढंच मागतो की तुमच्या घरी दिवा लाल झाला तर आमच्यावर आरोप ठेवण्याआधी एकदा वायरच्या वाटेने चालत जा आणि कोण कशावर बसलंय ते बघा.

मला परत न्यायला कंपनीचं कुणी आलं नाही. मी टेबलाच्या खालच्या खणात आहे, मेलेल्या रिमोटांच्या शेजारी. परवा आई कात्री शोधायला वाकल्या. मला बाहेर काढलं, पदराने पुसलं. बाहेर पाळण्यातलं बाळ कुरकुरत होतं आणि बाबा त्याला तीसपर्यंत आकडे म्हणून दाखवत होते.

"तुझं काही चुकलं नव्हतं रे," आई हळूच म्हणाल्या. "पण तुझ्या जागी दुसरा मिळाला. यांच्या जागी कुठून आणू?"

मग त्यांनी मला नीट उताणं ठेवलं, शिंगं मोडू नयेत असं, आणि खण लावून घेतला.