अकरा शंख

धाकटीने डब्याचं झाकण एका कडेने उचललं आणि कोबीच्या पानाला चिकटलेली पिल्लं पुन्हा मोजली. पंधरा. घरून निघताना पंधरा, बसमधून उतरल्यावर पंधरा, आणि आता दादाच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसूनही पंधराच. मिरीच्या दाण्याएवढ्या या जिवांनी वाटेत पळून जायचं ठरवलं असतं, तरी ती उद्या दुपारपर्यंत जेमतेम डब्याच्या कडेला पोहोचली असती, हे तिला कळत होतं. तरी मोजल्याशिवाय चैन पडत नव्हती.

बावन्न वर्षांच्या या बाईला घरात सगळे अजून धाकटीच म्हणत. कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिच्या हाताखाली सहा जण होते आणि तिथं तिचा चांगला दरारा होता. पण दादाच्या घराचा जिना चढला की ती मुकाट्याने धाकटी व्हायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एकटीने राहणाऱ्या बाईला कुठेतरी धाकटं असणं बरं वाटतं.

दादा घरी नव्हता. त्याने जमवलेल्या शंखांच्या खणावर बसवायची काच कापून आणायला गेला होता. येतीलच एवढ्यात, असं म्हणून वहिनी चहा टाकायला आत गेल्या त्या गेल्याच. आतून भांड्याचा आवाज नाही, की गॅस पेटल्याचा नाही.

पिल्लं दादाला द्यायची होती. एकूण एकतीस जन्मली होती, त्यातली निम्मी. सगळी एका घरात ठेवायची नाहीत, हे गोगलगाई पाळणाऱ्यांचं पहिलं शहाणपण. एका घरात बुरशी शिरली तर दुसऱ्या घरात वंश उरतो. आणि हा वंश साधासुधा नव्हता. गुलाबी शंख, त्यावर तीन तपकिरी पट्टे, अगदी रूळ धरून ओढल्यासारखे. असे पट्टे यावेत म्हणून धाकटीने वीस वर्षं घातली होती. दरवर्षी त्यातल्या त्यात ठसठशीत पट्ट्यांच्या निवडायच्या, फिकट असतील त्या वेगळ्या ठेवायच्या, पुन्हा अंड्यांची वाट बघायची. लोक म्हणत, हिला संसार नाही म्हणून हे सुचतं. ती म्हणे, तुम्हाला संसार आहे म्हणून हे सुचत नाही.

मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा घरात होत्या त्या बाराही मोठ्या गोगलगाई तिने दादाकडे आणून ठेवल्या होत्या. हॉस्पिटलमधून सुटली तेव्हा एकच उरलेली. बाकीच्या अकरा उकाड्याने गेल्या, असं दादा फोनवर म्हणाला आणि त्याचा आवाजच फुटेना. पोटाचे टाके ओले असताना ती बस पकडून त्याची समजूत घालायला आली होती. तुझा काय दोष, दादा, असं चार-चारदा म्हणाली होती. त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. उरलेली एक म्हणजे टवकी. तिच्या शंखाचा टवका उडालेला होता, म्हणून टवकी. सगळ्यांत दिसायला ओंगळ तीच आणि चिवट निघाली तीच, हे धाकटीने कारखान्यात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. त्या टवकीनेच पुढे, आधीच्या मीलनावर, अंडी घातली, आणि वीस वर्षांची मेहनत एका फुटक्या शंखाच्या जिवावर तरली.

वहिनी बाहेर आल्या. हातात चहा नव्हता. कोरडेच हात त्या पदराला पुसत होत्या.

"त्यांनी नवीन खण लावलाय, बघितलात?"

खण जेवणाच्या टेबलावर उघडाच होता, काच नसलेला. धाकटीने दादाचे खण नेहमी काचेतूनच पाहिले होते. बोटांचं तेल लागतं म्हणून तो कुणालाच हात लावू देत नसे, तिलाही नाही. कापसावर ओळीने अकरा शंख मांडले होते, प्रत्येकाखाली दादाच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. तिने एक उचलून हातात घेतला. तो हेडबाई या तिच्या गोगलगाईचा होता. पहिल्या वेढ्यावर पट्टा किंचित दुभंगलेला असे, तो तिने लगेच ओळखला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला अभिमानही वाटला, कारण शंख झगझगत होता. गुलाबी रंग नुकता धुतल्यासारखा ओला दिसत होता.

दाताची चकाकी जुळवण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिवंत दात कोणता आणि आतून मेलेला कोणता, हे ती खोलीच्या या टोकावरून सांगे. मेलेल्या गोगलगाईचं तसंच असतं. तिच्या घरी एखादी आपसूक गेली की शंख दोन दिवसांत मळकट होई, घाण येई, आणि ती तो कुंडीत पुरून टाकी. दादाकडच्या मात्र कायम झळाळत. लहानपणापासून ती हे बघत आली होती. सात वर्षांची असताना चौदा वर्षांच्या दादाने तिच्या तळहातावर पहिली पिवळी गोगलगाय ठेवली, तेव्हापासून वाटणी ठरलेली: जिवंत तुझ्या, गेलेल्या माझ्या. ती वाढवायची. मोठ्या झाल्या की त्यातल्या चार-सहा दादाच्या गोगलगाईंबरोबर ठेवायला द्यायची. काही परत येत, काही जात. गेलेल्यांचे शंख तो खणात लावी. धुण्याची एक पद्धत आहे, एवढंच तो सांगे, आणि धाकटीने कधी खोदून विचारलं नाही. दादाचं कसब होतं ते.

"काय हात आहे दादाचा," ती म्हणाली.

वहिनी टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी खणाकडे पाहिलं नाही.

"हात माझा आहे, वन्सं."

धाकटीला वाटलं, वहिनी धुवून देत असतील. ती हसून तसं म्हणालीही. मग वहिनी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ती पिल्लं परत घेऊन जा, माझ्याच्यानं आता होत नाही. काय होत नाही, हे त्यांना दोनदा विचारावं लागलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती एखाद्या भाजीची कृती सांगावी तशी, खाली बघत, एकही पायरी न गाळता. आपसूक गेल्यावर हा रंग राहत नाही. धडधाकट असतानाच उकळत्या पाण्यात टाकावं लागतं. आधी कोमट पाण्यात ठेवायचं म्हणजे अंग बाहेर काढतात. मग उकळत्यात. मग वाकवलेल्या टाचणीने आतलं सगळं एका झटक्यात ओढून घ्यायचं, तुटू द्यायचं नाही. त्यासाठी एक वेगळं पातेलं आहे. यांना बघवत नाही, ते तेवढा वेळ बाहेर चक्कर मारून येतात.

"तुमच्या लगेच बाहेर आल्या," वहिनी म्हणाल्या. "माणसाची सवय होती त्यांना."

दर रविवारी धाकटी त्यांना बशीत कोमट पाण्याने आंघोळ घालायची. पाणी अंगाला लागलं की त्या माना लांब करून तिच्या बोटावर चढायच्या. शंख अजून हातातच होता. तो खाली ठेवायचं तिला सुचेना.

टवकी का वाचली, तेही वहिनींनी न विचारता सांगितलं. फुटका शंख खणात लावत नाहीत.

हॉस्पिटलमधून धाकटी रोज संध्याकाळी फोन करायची. हेडबाईंनी काकडी खाल्ली का, लाजरी बाहेर आली का, खादाडाला आवरा. वहिनी रोज सांगत, खाल्ली, आली, छान आहेत. आता त्या म्हणाल्या, तुम्ही ज्या दिवशी हेडबाईंच्या काकडीचं विचारलंत ना, त्याच्या आदल्या दिवशीच झालं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तोपर्यंत सव्वीस वर्षं काही वाटलं नव्हतं. त्यांना नावं आहेत, हे मला फोनवरच कळलं.

"सव्वीस वर्षं?"

"लग्न झालं त्या वर्षी आईंनी शिकवलं. त्यांच्याकडून माझ्याकडे आलं."

आई. ती लहान असताना एखादी गोगलगाय गेली की आईच तिला मांडीवर घेई. झोपेतच गेली गं, म्हणे. आणि आईच्या हातांना तेव्हा साबणाचा वास येत असे. धाकटी त्या वासात तोंड खुपसून रडून घ्यायची. म्हणजे दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं, परक्या घरातून आलेल्या वहिनीला पहिल्याच वर्षी सांगितलं गेलं. अख्ख्या घरात एकट्या तिला माहीत नव्हतं, आणि त्या सगळ्या गोगलगाई तिच्या होत्या. सख्ख्या माणसांनी केसाने गळा कापला होता. तिला दादाचा राग आला, त्याहून आईचा आला, आणि आई तर आता भांडायलाही नव्हती.

"मला आता का सांगितलंत?" तिने विचारलं.

"ही एवढीशी पिल्लं बघितली," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा मोठी होतील, पुन्हा माझ्याच हातात येतील."

जिन्यात पावलं वाजली. धाकटीने शंख कापसावर जिथला तिथं ठेवला, डबा पिशवीत घातला आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली. वहिनी उठून आत गेल्या, आणि या वेळी खरंच गॅस पेटला.

दादा दोन्ही हातांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच छातीशी धरून आला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. तो नेहमीच उजळे. त्यात खोटं काही नव्हतं, आणि धाकटीला आज त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. वाळलीस किती, त्याने विचारलं. पथ्य पाळतेस का? मग काच टेबलावर ठेवत म्हणाला, "पिल्लं आणलीस?"

"नाही," धाकटी म्हणाली.

दादाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली होती. वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी एक कप तिच्यासमोर ठेवला, एक दादासमोर, आणि तिच्या पायाशी दिसणाऱ्या पिशवीकडे बघूनही बघितलं नाही.

दादाला वाईट वाटलं नाही. त्याने काच खणावर बसवली, वाकून तिच्यावर श्वास सोडला आणि रुमालाने पुसली. काच अगदी मापात बसली होती.

"एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "एवढीशी माझ्याकडे जगत नाहीत. तूच वाढव. ओठ वळला की आण. तुझ्यासारखं कुणी सांभाळत नाही."

गोगलगाय पुरती वाढली की तिच्या शंखाच्या तोंडाची कड बाहेर वळते, जाड होते. त्याला ओठ वळणं म्हणतात. त्यानंतर ती वाढत नाही, आणि रंग तेव्हा सगळ्यात खुललेला असतो. दादाचं हे वाक्य धाकटी वर्षानुवर्षं ऐकत आली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मैत्रिणींना सांगत सुटली होती. ऑपरेशन सोडलं तर या वाक्यासाठी ती दोन दिवसांपेक्षा जास्त कधी घर सोडून गेली नव्हती. तिच्याबद्दल कुणी इतकं चांगलं दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

"दोन वर्षं लागतील," ती म्हणाली.

"लागू देत की. मला काय घाई आहे?"

चहा तिने प्यायला. कारखान्याचं काम आहे म्हणून उठली. दादा नेहमीप्रमाणे तिला थांब्यापर्यंत सोडायला निघाला, आणि नेहमीप्रमाणे तिने नको म्हणायच्या आत खुर्चीखालची पिशवी त्याने स्वतःच उचलली. वहिनी दारातच थांबल्या होत्या. त्यांचा हात कडीवर होता.

रस्ताभर दादा बोलत होता. पुढच्या महिन्यात जाणकार मंडळी खण बघायला येणार होती. अशी तीनपट्टी गुलाबी कुणाकडेच नाही, तू पण ये, सगळ्यांना सांगतो ही माझ्या बहिणीने वाढवलीय म्हणून. पिशवी तो हलवत चालला होता. रस्ता ओलांडताना त्याने तिचा दंड धरला. इतकी वर्षं धरत आला होता तसाच.

"जड नाही गं काही," थांब्यावर तो म्हणाला. "काय आहे यात?"

"कोबी."

बस आली. तिने त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि वर चढली. खिडकीशी जागा मिळाली. खाली दादा उभा होता. बस वळेपर्यंत उभा राहून हात हलवायची त्याची रीत होती, आणि तीही खिडकीतून हात दाखवायची. त्याने हात वर केला. धाकटीने पिशवी मांडीवर घेतली होती आणि ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.